झाडाच्या जखमेवरचा हात

आपल्या रेडिओवर आम्ही बचत गटाच्या बाया बोलायला बसलो की विषय बहुतेक वेळा कर्जाचा, हप्त्याचा, नाहीतर शेळीपालनाचा असतो. आज आम्ही झाडांच्या डॉक्टरकीबद्दल बोलणार आहोत. वाळकी फांदी उतरवणं, सडलेला भाग खरवडणं, खोडकिडीचं भोक बुजवणं, सालीवर मलम लावणं हे रोजचं काम आजवर कुणी कुणी केलं आणि त्यात आपण बाया कुठं होतो, याचा हा थोडा इतिहास.

विषय निघाला तो गटाच्या बैठकीत. वादळी वाऱ्यानं आमच्या गावातल्या वडाची एक मोठी फांदी अर्धी मोडून लोंबकळत होती. कुणी म्हणे, झाडच पाडून टाका, उद्या कुणाच्या डोक्यात पडेल. कुणी म्हणे, वडाला कुऱ्हाड लावायची नाही, पाप लागतं. बराच वेळ वाद झाला. शेवटी गटातली एक आजी म्हणाली, "माणसाचा पाय मोडला त माणसाले जाळता का? आन् तसाच लोंबू देता का?" आम्ही सगळ्या गप्प झालो. पाडणं आणि हात न लावणं यांच्या मधलं जे काम आहे, तेच आजींनी दाखवलं होतं.

हे काम फार जुनं आहे. सहाव्या शतकात उज्जैनच्या वराहमिहिरानं 'बृहत्संहिता' हा ग्रंथ लिहिला. त्यात ग्रहतारे आहेत, पाऊस आहे, घरबांधणी आहे आणि एक प्रकरण वृक्षायुर्वेदाचंही आहे. थंडी, वारा आणि ऊन यांनी झाड आजारी पडतं, असं तो सांगतो. पानं पिवळी पडतात, कोंब वाढत नाहीत, फांद्या वाळतात, रस गळायला लागतो. उपचार असा: आधी शस्त्रानं खराब भाग साफ करायचा, मग वावडिंग, तूप आणि चिखल यांचा लेप द्यायचा आणि दूध घातलेलं पाणी शिंपायचं. आधी साफसफाई, मग मलमपट्टी हा क्रम दीड हजार वर्षांपूर्वी लिहून ठेवलेला आहे. तूप कढवलं कुणी आणि वावडिंग कुटलं कुणी, ते मात्र लिहिलेलं नाही. ते आपण ओळखू शकतो.

पुढं सुरपाल नावाच्या पंडितानं 'वृक्षायुर्वेद' हा स्वतंत्र ग्रंथ लिहिला. माणसासारखेच झाडालाही वात, पित्त आणि कफाचे विकार होतात, असं मानून त्यानं औषधं सांगितली. या ग्रंथाचं हस्तलिखित इंग्लंडात, ऑक्सफर्डच्या बोडलियन ग्रंथालयात होतं. नलिनी साधले यांनी त्याचं इंग्रजी भाषांतर केलं आणि ते १९९६ साली सिकंदराबादहून प्रसिद्ध झालं. झाडांच्या वैद्यकीचं हे पुस्तक एका बाईच्या अभ्यासामुळं पुन्हा लोकांच्या हाती आलं.

आपल्या जिल्ह्यातलं सिंदखेडराजा हे जिजाऊंचं माहेर. त्यांनी घडवलेल्या शिवरायांच्या अष्टप्रधानांत रामचंद्रपंत अमात्य होते. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला त्यांनी 'आज्ञापत्र' लिहिलं. आरमाराला लाकूड लागतं, पण रयतेच्या आंब्याफणसाला हात लावू नये, असं त्यात बजावलेलं आहे. कारण ही झाडं वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत, लोकांनी ती लेकरासारखी वाढवलेली असतात. एखादं झाड अगदीच जीर्ण झालं असेल, तर मालकाला राजी करून, पैसे देऊन मगच तोडावं. आजही आंबा, चिंच, मोह, जांभूळ यांसारखी झाडं तोडायची तर १९६४ च्या वृक्षतोड कायद्याप्रमाणं आधी परवानगी घ्यावी लागते.

आता आपल्या बागांकडं येऊ. घाटाखाली जळगाव जामोद, संग्रामपूरकडं संत्र्याच्या बागा आहेत. तिथल्या बायांना 'सल काढणं' म्हणजे काय, हे सांगायला नको. बहार उतरला की झाडातल्या वाळक्या, रोगट काड्या कापून काढायच्या. पाठोपाठ येतो डिंक्या. मातीतली बुरशी ओल्या बुंध्यातून शिरते, साल तडकते आणि डिंक ओघळतो. मग चाकूनं कुजलेली साल खरवडायची, पोटॅशियम परमँगनेटच्या पाण्यानं जखम धुवायची आणि बोर्डो मलम लावायचं. पावसाळ्याच्या आधी आणि नंतर, असं वर्षातून दोनदा जमिनीपासून तीन फुटांपर्यंत सगळा बुंधा माखायचा. बुंध्याला पाणी लागू नये म्हणून दुहेरी आळं करायचं.

या बोर्डोची गोष्ट मोठी गमतीची आहे. बोर्डो हा फ्रान्समधला द्राक्षांचा मुलूख. तिथं रस्त्याकडेच्या वेलींची द्राक्षं वाटसरू तोडून न्यायचे. म्हणून शेतकरी त्या वेलींवर मोरचूद आणि चुन्याचं निळसर पाणी शिंपडत, म्हणजे द्राक्षं विषारी दिसावीत. मियार्दे नावाच्या प्राध्यापकाच्या लक्षात आलं की केवडा रोगानं बाकीच्या वेलींची पानं झडली, पण या वेलींची टिकली. त्यानं प्रयोग केले आणि १८८५ साली हे मिश्रण जगापुढं मांडलं. चोरांना भिववायला केलेलं पाणी असं औषध ठरलं.

मलमाचं प्रमाण लक्षात ठेवा: एक किलो मोरचूद, एक किलो कळीचा चुना आणि दहा लिटर पाणी. मोरचूद आणि चुना वेगवेगळ्या प्लास्टिकच्या बादलीत भिजवायचा, लोखंडी भांडं चालत नाही. दोन्ही एकत्र केल्यावर त्यात लोखंडी विळा थोडा वेळ बुडवून बघायचा. पात्यावर तांबूस थर आला, तर अजून चुना हवा. मोरचुदानं कातडी जळते, म्हणून हातमोजे घालायचे आणि काम झालं की साबणानं हात धुऊन मगच भाकरीला बसायचं. आमच्यातल्या कित्येकींनी हे नुसत्या हातांनी केलंय. रात्री हातांची आग आग व्हायची.

परदेशातही ही विद्या चुका करत करतच पुढं गेली. इंग्लंडातून अमेरिकेत गेलेल्या जॉन डेव्ही यांनी १९०१ साली झाडांच्या डॉक्टरवर एक पुस्तक लिहिलं आणि तिथं हा धंदा उभा राहिला. त्या काळी दाढ भरावी तशी झाडाची ढोली कोरून तिच्यात सिमेंट भरत. कापलेल्या जागी रंग किंवा डांबर फासत. पुढं अमेरिकेच्या वनखात्यातले शास्त्रज्ञ अ‍ॅलेक्स शिगो यांनी असंख्य झाडं उभी चिरून आतल्या जखमा तपासल्या. त्यांना दिसलं की आपल्या कातडीसारखी झाडाची जखम भरून येत नाही. झाड सडलेल्या भागाभोवती आतून भिंत घालतं, त्याला तिथंच कोंडतं आणि बाहेरून नवं लाकूड चढवतं. जास्त कोरलं तर ती भिंतच फुटते. रंग फासल्यानं कुजणं थांबत नाही. आपलं बोर्डो मलम हे बुंध्यावरची बुरशी रोखणारं औषध आहे, ती गोष्ट वेगळी.

म्हणून फांदी कशी कापली, याला फार महत्त्व आहे. फांदी खोडाला जिथं जोडलेली असते, तिथं थोडा फुगीर गळा असतो. झाडाचं बळ त्या गळ्यात असतं, त्याला धक्का लावायचा नाही. खोडापासून हातभर अंतरावर आधी खालून थोडा काप घ्यायचा. मग त्याच्या जरा पुढं वरून कापायचं. असं केलं की फांदी खाली पडताना खोडाची साल सोलत नाही. उरलेला खुंट शेवटी गळ्याच्या कडेनं काढायचा. लांब खुंट ठेवला तर तो सडतो आणि गळ्यासकट कापलं तर खोड सडतं.

झाड किती सोसतं, हे बघायचं तर कोलकात्याजवळ हावड्याच्या वनस्पती उद्यानातला मोठा वड आठवावा. १८६४ आणि १८६७ च्या चक्रीवादळांत तो जखमी झाला, त्याला बुरशी लागली. १९२५ साली त्याचा मूळ बुंधाच काढून टाकावा लागला. तरीही तो वड आज पारंब्यांवर जगतो आहे. तेलंगणात महबूबनगरजवळ पिल्ललमर्रीचा जुना वड आहे. त्याला वाळवी लागली, तेव्हा २०१८ साली फांद्यांना सलाईनसारख्या बाटल्या लावून औषध दिलं गेलं.

आमच्या वडाचं काय झालं, ते सांगतो. शेजारच्या गावातून दोरावर चढून काम करणारे एक काका बोलावले. आधी फांदीला दोर बांधला, मग तीन कापांत ती खाली उतरवली. आम्ही दोन बाजूंनी रस्ता अडवून उभ्या होतो, पोरासोरांना आवरत. नंतर बुंध्यातले पाट्यांचे जुने खिळे उपसून काढले आणि मुळांशी कचरा जाळणं बंद केलं. मग आम्हाला आपलीच चूक दिसली. वटपौर्णिमेला आपण ज्या झाडापुढं हात जोडतो, त्याच्याच फांद्या तोडून घरी आणतो आणि बुडाशी कापूर पेटवतो. आता आमच्या गावात बाया झाडापाशी जाऊनच पूजा करतात. कापूर ताटात लावतात आणि दुसऱ्या दिवशी सूत सोडवून घेतात, म्हणजे बुंध्याला काच बसत नाही.

एक गोष्ट मात्र आम्हाला अजून खुपते. बागेत आरी चालवणाऱ्या गड्याला कारागीर म्हणतात आणि त्याचा रोज जास्त असतो. साल खरवडणारी, जखम धुणारी, दिवसभर वाकून शेकडो बुंधे माखणारी बाई मजूर ठरते आणि तिचा रोज कमी असतो. झाड वाचतं ते दोघांच्या हातांनी. वराहमिहिरानं तूप कढवणारीचं नाव लिहिलं नाही, तेव्हा आपल्या हाती वही नव्हती. आज गटाची वही आपल्याच हाती आहे.

म्हणून मागच्या बैठकीत आम्ही एक लहानसं काम केलं. सभासदांच्या यादीत धंद्याचा रकाना असतो. बागेत जाणाऱ्या बायांच्या नावापुढं तिथं 'मजूर' लिहिलेलं होतं. ते खोडून आम्ही 'झाडांचा औषधोपचार' असं लिहिलं. नुसतं वहीत लिहून रोज वाढणार नाही, हे आम्हाला कळतं. येत्या बहारात बागवानाशी रोज ठरवायला आम्ही गट म्हणून सगळ्या मिळून जाणार आहोत.

वडाच्या जखमेभोवती आता कोवळ्या लाकडाची गोल कड चढू लागली आहे. जाता येता आजी तिथं थांबून बघते. तुमच्या गावातलं एखादं झाड असं जखमी असेल, तर कुऱ्हाड आणण्याआधी गटाची बैठक घ्या.