शिलेदार, कीर्ती
(१६ ऑगस्ट १९५२ – २२ जानेवारी २०२२). मराठी संगीत रंगभूमीवरील ख्यातनाम गायिका-अभिनेत्री. जयराम व जयमाला शिलेदार या नटदांपत्याची कन्या. आईवडिलांच्या ‘मराठी रंगभूमी’ या नाट्यसंस्थेत त्या बालपणापासूनच रंगमंचावर वावरल्या. नीलकंठबुवा अभ्यंकरांकडे त्यांनी गायनाचे शिक्षण घेतले. ‘सौभद्र’, ‘स्वयंवर’, ‘मानापमान’ या नाटकांतील त्यांच्या नायिका गाजल्या. विद्याधर गोखलेलिखित ‘स्वरसम्राज्ञी’त तमाशातील मैना शास्त्रीय गायिका होते, लावणीचा ठसका आणि ख्यालाची तालीम, दोन्हींचा कस पाहणारी ही भूमिका त्यांनी समर्थपणे पेलली. संगीत नाटक अकादमी पुरस्काराने त्यांचा गौरव झाला. २०१८ मध्ये मुलुंड येथील ९८व्या नाट्यसंमेलनाच्या त्या अध्यक्ष होत्या. पडत्या काळातही संगीत नाटक जिवंत ठेवण्याचे त्यांचे कार्य मोलाचे आहे.