फोनमध्येच २०० मेगापिक्सेल, मग मिडियम फॉरमॅट कॅमेरा घेतं कोण?

घरातला माळा उपसलात तर कदाचित आग्फाचा 'क्लिक थ्री' सापडेल. बडोद्यात बनलेला, स्वस्तातला, डब्यासारखा. गंमत म्हणजे तोही मिडियम फॉरमॅट कॅमेराच! कारण मिडियम फॉरमॅट हे आकाराचं नाव आहे, श्रीमंतीचं नाही. कोडॅकने १९०१ मध्ये आणलेला १२० नंबरचा रोल सुमारे ६ सेंटिमीटर रुंद असतो. 'क्लिक थ्री'मध्ये त्यावर १२ चौकोनी फोटो निघायचे. मुंबईच्या जे. जे.मध्ये शिकलेल्या होमाई व्यारावाला वापरायच्या तो रोलिफ्लेक्सही याच घराण्यातला.

मग हा प्रकार एवढा महाग कधी झाला? डिजिटल आल्यावर. रोल मोठा करणं सोपं होतं, सेन्सर मोठा करणं नाही. सिलिकॉनच्या एका चकतीतून मोठे सेन्सर मोजकेच निघतात, आणि एखादा डाग आला की मोठा तुकडा वाया जातो.

आता मेगापिक्सेलचं बघू. फुजीफिल्म जीएफएक्स किंवा हॅसलब्लाड एक्स मालिकेतला सेन्सर ४४ बाय ३३ मिलिमीटरचा असतो. फुल फ्रेमच्या सुमारे १.७ पट, आणि २०० मेगापिक्सेलवाल्या महागड्या फोनमधल्या सेन्सरच्या साधारण २० पट. फोनचे पिक्सेल जास्त असले तरी ते इवल्याशा जागेत कोंबलेले असतात. इन्स्टाग्रामवर हा फरक जवळपास दिसत नाही, हेही खरं. तो दिसतो होर्डिंगवर, दागिन्यांच्या क्लोजअपमध्ये, पैठणीच्या जरीत.

बाजाराची दिशा किमतींत दिसते. जीएफएक्स १०० हा २०१९ मध्ये अमेरिकेत सुमारे १०,००० डॉलरला आला. २०२१ मध्ये १००एस ६,००० ला आणि २०२४ मध्ये १००एस टू ५,००० ला. पाच वर्षांत किंमत निम्मी!

पण दुकानं कमी झाली. पेंटॅक्सच्या ६४५झेडला पुढचा भाऊ आलाच नाही. फेज वनचा भर आता हवाई सर्वेक्षण आणि जुन्या कागदपत्रांच्या डिजिटायझेशनवर जास्त आहे. हॅसलब्लाडची सूत्रं २०१७ पासून ड्रोनवाल्या डीजेआयकडे आहेत, आणि अनेकांना हे नाव वनप्लस-ओप्पोच्या फोनवरूनच माहीत आहे. म्हणजे सामान्य फोटोग्राफरसाठी मुख्यतः दोनच कंपन्या उरल्या. माझ्या मते धोका इथे आहे, फोनमध्ये नाही. यातल्या एकीने अंग काढून घेतलं तर किमती उतरण्याचं कारणच संपेल.

तुम्ही नवखे असाल तर ईएमआयवर उडी मारू नका. उपनगरांत असे कॅमेरे दिवसाच्या भाड्याने मिळतात. काम आलं की घ्या, भाडं बिलात लावा. शिवाय फाइल्स एवढ्या जड असतात की हार्ड डिस्क आणि लॅपटॉपचा खर्च वेगळाच.

आणि रोल? कोडॅकने २०२२ मध्ये गोल्ड २०० हा रंगीत रोल १२० आकारात आणला. माळ्यावरच्या 'क्लिक थ्री'त तो बसतो.