खेळाचा नियम आणि शब्दाचा अर्थ



हुतूतूचा खेळ आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिला असेल, पुष्कळांनी खेळलाही असेल. गावच्या मैदानात पंच नसतो. जी मुले रेघ ओढतात तीच खेळतात, तीच कायदा करतात आणि न्यायही तीच देतात. 'मेला', 'नाही मेला' असा वाद जुंपला की खेळ थांबतो आणि रेघेवरच कायदेमंडळ भरते. या कायदेमंडळाचा इतिहास आज सांगावयाचा आहे, कारण त्याचा आपल्या पोटापाण्याशीही संबंध आहे.

'मेला' हा शब्दच घ्या. मेलेल्या गड्याचे पुढे काय करावयाचे? 'संजीवनी' प्रकारात प्रतिपक्षाचा एक गडी मेला की आपला एक मेलेला गडी उठून आत येतो. 'गामिनी'त तो सारा संघ बाद होईपर्यंत बाहेरच बसतो. 'अमर' प्रकारात तो बाहेर जातच नाही. प्रतिपक्षाला गुण मिळतो आणि खेळ पुढे चालतो. शब्द एक, परंतु अर्थ तीन झाले आणि त्यांतून खेळही तीन झाले. गडी आपसांत खेळत होते तोवर हे चालले. परगावच्या संघाशी गाठ पडू लागली तेव्हा लिहून ठेवण्याची गरज भासली. १९१८ साली महाराष्ट्रात नियम ठरविण्यात आले, १९२३ साली ते छापून निघाले आणि त्याच साली त्या नियमांनुसार बडोद्यास अखिल भारतीय सामने झाले. १९५० साली अखिल भारतीय कबड्डी महासंघ स्थापन झाला.

नियम छापल्याने वाद मिटला काय? नाही, तो कागदावर गेला. चढाई एका दमात करावी असे लिहिले, परंतु दम तुटला हे ओळखावे कोणी? चोरून घेतलेला श्वास घेणाऱ्यालाच ठाऊक. म्हणून 'कबड्डी'चा उच्चार स्पष्ट आणि अखंड हवा असे ठरले. २०१४ साली सुरू झालेल्या प्रो कबड्डीत चढाईला ३० सेकंदांची मर्यादा आहे. छातीतला श्वास पंचाला मोजता येत नाही, घड्याळ मात्र सर्वांना दिसते.

आता अलीकडची गोष्ट. ७ ऑक्टोबर २०२३ रोजी चीनमधील हांगझोऊ येथे आशियाई क्रीडास्पर्धेचा अंतिम सामना भारत आणि इराण यांच्यात चालला होता. गुण २८-२८, वेळ मिनिटभर उरलेली. पवन सेहरावत चढाईला गेला आणि कोणालाही स्पर्श न करता बाजूच्या लॉबीत शिरला. त्याच्यामागोमाग इराणचे गडीही लॉबीत गेले. एका नियमाप्रमाणे चढाई करणारा तर बाद, आणि झटापट झालेली नसताना लॉबीत शिरलेले बचावाचे गडीही बाद. दुसऱ्या, नव्या नियमाप्रमाणे त्याचा पाय लॉबीत पडताच चढाई संपली. मग पुढचे गडी बाद कसे? पंचांचा निर्णय फिरला, खेळाडूंनी निषेध केला, सामना सुमारे तासभर खोळंबला. अखेर भारत ३३-२९ असा विजयी झाला. आपल्याला आनंद झाला, आणि तो साहजिक होता. परंतु लॉबीत शिरलेले गडी आपले असते, तर आपण कोणता नियम पुढे केला असता? हा प्रश्न प्रत्येकाने स्वतःलाच विचारावा.

येथे दोष शब्दाच्या संदिग्धतेचा नव्हे. संदिग्ध नसलेला शब्द माणसाने अजून घडविलेला नाही. कोणता नियम लागू आणि अंतिम शब्द कोणाचा, हे डावापूर्वी सर्वांच्या मनात पक्के नव्हते, हा खरा दोष.

अमेरिकेतील पीटर सूबर नावाच्या तत्त्वज्ञानाच्या प्राध्यापकाने हाच प्रश्न घेऊन 'नोमिक' नावाचा खेळ रचला. १९८२ साली तो प्रसिद्ध झाला. त्यात सोंगटी नाही की चेंडू नाही. आपली पाळी आली की नियमात बदल सुचवावयाचा आणि सर्वांनी त्यावर मत द्यावयाचे, हीच चाल. असा खेळ एका दिवसात मोडावा असे वाटते. तो टिकतो, कारण त्याच्या आरंभीच्या नियमांत दोन खुंट्या घट्ट ठोकलेल्या आहेत. अर्थाविषयी वाद झाला तर ज्याची पाळी चालू आहे त्याने निवाडा करावयाचा नाही. त्याच्या आधीच्या खेळाडूने न्यायाधीश व्हावयाचे. आणि कोणताही बदल मागील चालीला लागू करावयाचा नाही.

आता आपल्या जिल्ह्याकडे या. ऊसतोडीला निघणाऱ्या कुटुंबाला मुकादम उचल देतो ती 'कोयत्या'च्या हिशेबाने. हा कोयता म्हणजे हातातले अवजार नव्हे. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता. शब्द एकवचनी आणि श्रम दोघांचे! पहाटे फडात वाकणारी, मोळी डोक्यावर वाहणारी बाई त्या शब्दात शिरली आणि हिशेबातून नाहीशी झाली. हा अर्थ कोणत्या सभेत ठरला? तिचे मत कोणी घेतले? हुतूतूतले पोरही आपल्याला न विचारता मेले ठरविले तर रेघेवर उभे राहून भांडते.

कामगार चळवळीत माझे आयुष्य गेले. शाळेने जेवढे शिकविले त्याहून अधिक मला करारपत्रांनी शिकविले. १९२६ च्या कामगार संघटना कायद्यात एक अट होती: नोंदणी हवी असलेल्या संघटनेने आपले नियम कसे बदलावयाचे, हेही नियमांतच लिहिले पाहिजे. प्रथम वाचताना ती रुक्ष वाटते. परंतु सभेत दोन तट पडतात आणि 'बहुमत' म्हणजे हजर असलेल्यांचे की सर्व सभासदांचे, असा वाद उभा राहतो, तेव्हा त्या एका ओळीवर संघटना तरते किंवा फुटते.

म्हणून माझे सांगणे एवढेच. करार करताना दराआधी शब्दाचा अर्थ विचारा. 'दिवस' म्हणजे किती तास? 'कोयता' म्हणजे किती माणसे? वाद झाला तर निवाडा कोणी करावयाचा? अर्थ बदलावयाचा असेल तर अवश्य बदलावा, पण डाव सुरू होण्यापूर्वी आणि ज्यांना तो लागू होणार त्या सर्वांना, बायांनासुद्धा, विचारून. आपल्या मुलांना हे मैदानात कळते. आपल्याला ते फडावर आणि सभेत आणावयाचे आहे.