हरवलेल्या नोंदीचा इतिहास : आंतरजालावरील वर्तनप्रयोग आणि आधारसामग्रीची जपणूक

प्रस्तावना

प्रायोगिक मानसशास्त्रात प्रयोगकर्त्याने काय पाहिले यापेक्षा काय नोंदले गेले यालाच पुराव्याचा दर्जा मिळतो. नोंद नसेल तर प्रयोग होऊनही न झाल्यासारखाच असतो. आंतरजालावर प्रयोग घेणाऱ्या संशोधकांना या तत्त्वाचा कटू प्रत्यय वारंवार येतो. सहभागी व्यक्ती प्रयोग पूर्ण केल्याचे कळवते, तिला ठरलेला मोबदलाही दिला जातो, परंतु तिच्या प्रतिसादांची फाईल अपेक्षित ठिकाणी आढळत नाही. बहुतेक वेळा ही घटना तांत्रिक बिघाड म्हणून बाजूला सारली जाते आणि उरलेल्या फाईलींवर विश्लेषण पुढे चालू राहते. प्रयोगाची नोंद कोणत्या क्षणी कोणाच्या ताब्यात असते, या प्रश्नाच्या अनुषंगाने प्रस्तुत लेखात या समस्येचा ऐतिहासिक मागोवा घेतला आहे. हरवलेल्या फाईलीचे कारण बहुधा ताब्याच्या या साखळीतच सापडते, हे लेखाचे मुख्य प्रतिपादन आहे.

१. कागदावरील नोंद

फ्रान्सिस गाल्टन यांनी १८८४ मध्ये लंडन येथील आंतरराष्ट्रीय आरोग्य प्रदर्शनात मानवमापन प्रयोगशाळा उघडली. तीन पेन्स शुल्क भरून आत येणाऱ्या व्यक्तीची उंची, वजन, दृष्टी, श्रवणशक्ती इत्यादींची मोजमापे घेतली जात. मोजमापांची एक प्रत त्या व्यक्तीला मिळे आणि दुसरी प्रयोगशाळेत राही. प्रदर्शनाच्या काळात ९,३३७ व्यक्तींची अशी मोजमापे झाली. गाल्टन यांच्या प्रयोगशाळेतील नोंदींचे सुमारे एका शतकानंतर, १९८५ मध्ये, अमेरिकन संशोधकांनी पुनर्विश्लेषण केले. नोंद दोन ठिकाणी ठेवण्याची आणि मूळ कागद जपण्याची साधी शिस्त हे त्यामागील एक कारण म्हणता येईल. विल्हेल्म वुंट यांनी १८७९ मध्ये लाइपझिग येथे स्थापन केलेल्या प्रयोगशाळेतही नोंद प्रयोगकर्त्याच्या नजरेसमोरच होत असे. मोजमाप आणि नोंद यांमध्ये फारसे अंतर नव्हते.

कागदी नोंदी सुरक्षित होत्या, असा निष्कर्ष मात्र यावरून काढता येत नाही. १९६२ मध्ये लेरॉय वोलिन्स यांनी अमेरिकेतील एक अनुभव प्रसिद्ध केला. प्रकाशित लेखांची मूळ आधारसामग्री मागणारी पत्रे ३७ लेखकांना पाठविण्यात आली होती. त्यांपैकी ३२ जणांनी उत्तर दिले आणि त्यातील २१ जणांनी सामग्री हरवल्याचे, सापडत नसल्याचे अथवा अनवधानाने नष्ट झाल्याचे कळविले. २००६ मध्ये येल्टे विखर्ट्स आणि सहकाऱ्यांनी १४१ लेखांच्या बाबतीत अशीच मागणी केली, तेव्हा ७३ टक्के लेखकांकडून सामग्री मिळू शकली नाही. अर्थात सामग्री न देणे आणि ती हरवणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. तरीही दोन्ही प्रसंगी प्रकाशित निष्कर्ष तपासण्याचा मार्ग बंद होतो.

२. आंतरजालाचे पहिले दशक

१९९० च्या दशकाच्या मध्यास संकेतपृष्ठावर भरावयाचे अर्ज प्रचारात आले आणि आंतरजालावरील प्रयोग शक्य झाले. उल्फ-डीट्रिश राइप्स यांनी १९९५ मध्ये जर्मनीतील ट्यूबिंगेन विद्यापीठात आंतरजालावरील प्रायोगिक मानसशास्त्र प्रयोगशाळा सुरू केली. जॉन क्रान्ट्झ व सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये प्रयोगशाळेतील आणि आंतरजालावरील निष्कर्षांची तुलना प्रसिद्ध केली.

या काळातील प्रयोगांचे एक वैशिष्ट्य लक्षात घेण्याजोगे आहे. प्रश्न वेगवेगळ्या पृष्ठांवर मांडलेले असत आणि प्रत्येक पृष्ठ सर्व्हरकडून मागवावे लागे. त्यामुळे सहभागी व्यक्ती कोणत्या पृष्ठापर्यंत आली आणि कोठून परतली, याची नोंद सर्व्हरच्या रोजनाम्यात आपोआप होत असे. राइप्स यांनी २००२ मध्ये मांडलेल्या मानकांत प्रयोग अर्धवट सोडणाऱ्यांचे प्रमाण नोंदविण्यावर भर दिला. गळती हीदेखील माहिती आहे, ही दृष्टी त्यामागे होती.

३. नोंद सहभागी व्यक्तीच्या दारी

पृष्ठागणिक सर्व्हरशी होणाऱ्या या देवाणघेवाणीत एक उणीव होती. प्रतिक्रिया-काळ हा मिलिसेकंदांत मोजावयाचा असतो आणि जोडणीचा वेग अनिश्चित असतो. म्हणून संपूर्ण प्रयोग एकदाच सहभागी व्यक्तीच्या ब्राउझरमध्ये उतरवावा आणि मोजमाप तेथेच करावे, ही पद्धत रूढ झाली. जोशुआ डी लीऊ यांचे जेएससायक हे साधन २०१५ मध्ये मानसशास्त्रीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. त्याच वर्षी प्रयोगांचे व्यवस्थापन सर्व्हरवर करणारे जाटोस हे साधनही प्रकाशात आले. जोनाथन पीअर्स यांनी २००७ मध्ये वर्णिलेल्या सायकोपाय या प्रयोगशाळेतील साधनाला पुढे पाव्हलोव्हिया या मंचाद्वारे आंतरजालाची जोड मिळाली. २०२० मध्ये महासाथीमुळे प्रयोगशाळा बंद पडल्या, तेव्हा अनेक संशोधकांना हा मार्ग पुरेशा पूर्वतयारीविना स्वीकारावा लागला.

मोजमापाची अचूकता वाढली, परंतु नोंदीचा ताबा बदलला. प्रयोग चालू असताना प्रतिसाद सहभागी व्यक्तीच्या संगणकाच्या तात्पुरत्या स्मृतीत साठतात आणि अनेक प्रयोगांत ते अखेरीस एकदाच सर्व्हरकडे रवाना होतात. तोपर्यंत संशोधकाकडे काहीही नसते. टॅब बंद झाला, भ्रमणध्वनीवर दुसरे ॲप उघडले गेले किंवा वीज गेली, तर वीस मिनिटांचे काम एका क्षणात नाहीसे होऊ शकते. पूर्वी सर्व्हरच्या रोजनाम्यात उरणारा माग आता मुद्दाम योजना केल्याशिवाय मिळत नाही.

४. फाईलीचा शोध : चार टप्पे

ताब्याची ही साखळी ध्यानात घेतली की हरवलेल्या फाईलीचा शोध चार टप्प्यांत घेता येतो.

पहिल्या टप्प्यात नोंद निर्माणच झालेली नसते. चित्रे किंवा ध्वनिफिती उतरल्या नाहीत, अथवा ब्राउझर जुना असला, तर प्रयोग सुरूच होत नाही.

दुसऱ्या टप्प्यात नोंद निर्माण होते, पण रवाना होत नाही. प्रयोग अर्धवट सोडला जाणे हे याचे प्रमुख कारण होय. पाव्हलोव्हियासारख्या मंचावर अपूर्ण निकाल जतन करण्याचा पर्याय स्वतंत्रपणे निवडावा लागतो. आणखी एक कारण सहज नजरेआड होते. सामग्री पाठविण्याची क्रिया पूर्ण होण्याआधीच सहभागी व्यक्तीला मोबदल्याच्या पृष्ठाकडे वळविले, तर पाठवणी मध्येच तुटते. व्यक्ती प्रामाणिकपणे काम पूर्ण केल्याचे सांगते, ते खरेही असते, आणि तरीही फाईल नसते.

तिसऱ्या टप्प्यात नोंद सर्व्हरपर्यंत पोहोचते, परंतु स्वीकारली जात नाही किंवा टिकत नाही. संबंधित फोल्डरमध्ये लिहिण्याची परवानगी नसणे, पाठविलेली सामग्री सर्व्हरने घालून दिलेल्या आकारमर्यादेपेक्षा मोठी असणे, ही नेहमीची उदाहरणे आहेत. फाईलीला केवळ सहभागीचा क्रमांक हेच नाव दिले आणि तोच क्रमांक दोघांनी लिहिला, तर दुसऱ्याची फाईल पहिल्याच्या फाईलीवर लिहिली जाऊ शकते. हा प्रकार सर्वांत फसवा आहे, कारण चूक झाल्याचा संदेश कोठेही उमटत नाही.

चौथ्या टप्प्यात नोंद सुरक्षित असते, मात्र शोध चुकीच्या ठिकाणी घेतला जातो. पाव्हलोव्हियावर निकाल स्वतंत्र फाईलींऐवजी डेटाबेसमध्ये साठविण्याचा पर्याय निवडला असल्यास डेटा फोल्डर रिकामा दिसतो. प्रयोग चाचणी अवस्थेत चालविला असल्यास निकाल सर्व्हरवर न जाता ज्या संगणकावर प्रयोग चालला त्याच्याच डाउनलोड फोल्डरमध्ये उतरतो.

शोधाचा क्रम उलटा, म्हणजे चौथ्या टप्प्याकडून पहिल्याकडे असावा, कारण अखेरच्या टप्प्यातील सामग्री परत मिळण्याची शक्यता सर्वाधिक असते. दुसऱ्या टप्प्यात हरवलेली नोंद परत मिळण्याची आशा फार कमी. सहभागीच्या ब्राउझरमध्ये तात्पुरती प्रत ठेवण्याचा उपाय केला, तरी तो कायमचा आधार नव्हे. २०२० पासून सफारी ब्राउझर, संकेतस्थळाशी संबंध न आल्यास, अशी साठवण वापराच्या सात दिवसांनंतर पुसून टाकतो.

५. कोण हरवले?

काही फाईली गेल्या तरी पुरेशा उरल्या, असा युक्तिवाद पुष्कळदा केला जातो. डोनाल्ड रुबिन यांनी १९७६ मध्ये दाखवून दिले की अनुपस्थित सामग्रीकडे दुर्लक्ष करणे केव्हा योग्य ठरते, हे ती कोणत्या प्रक्रियेने अनुपस्थित झाली यावर अवलंबून असते. झोउ आणि फिशबाख यांनी २०१६ मध्ये याचे बोलके प्रात्यक्षिक सादर केले. डोळ्यांना आयलायनर लावण्याची नुसती कल्पना केल्याने वजन घटते, असा हास्यास्पद निष्कर्ष आंतरजालावरील प्रयोगातून निघू शकतो, हे त्यांनी दाखविले. दोन गटांतील गळती सारखी नसल्याने उरलेल्या व्यक्तींची तुलनाच मुळात विषम झाली होती.

फाईली हरवण्याची कारणेही अशीच पक्षपाती असू शकतात. जुना भ्रमणध्वनी, मंद जोडणी, खंडित वीजपुरवठा असलेल्या व्यक्तीची नोंद हरवण्याची शक्यता अधिक. ग्रामीण भागातील विद्यार्थ्यांवर असा प्रयोग घेतल्यास नेमके ज्यांच्याविषयी जाणून घ्यावयाचे तेच नमुन्यातून गळू शकतात, आणि उरलेल्या फाईली पाहून ही गळती कळणार नाही.

समारोप

या समस्येवरील उपाय कार्यालयीन आवक-जावक नोंदवहीइतके साधे आहेत. प्रयोग सुरू होताच आरंभाची नोंद सर्व्हरवर व्हावी. प्रतिसाद अखेरीस एकदम न पाठविता ठरावीक अंतराने पाठवावेत. प्रत्येक फाईलीला यंत्राने तयार केलेले अनन्य नाव असावे. सामग्री मिळाल्याची सर्व्हरची पोच आल्यानंतरच सहभागीला समाप्तीचा संकेतांक दाखवावा. किती जणांनी प्रयोग सुरू केला, किती जणांनी पूर्ण केला आणि किती फाईली हाती आल्या, हे तीन आकडे रोज ताडून पाहावेत व शोधनिबंधात प्रसिद्ध करावेत. काम पूर्ण केलेल्या व्यक्तीचा मोबदला फाईल नाही म्हणून रोखणे मात्र न्याय्य नव्हे, कारण नोंद जपण्याची जबाबदारी संशोधकाची असते.

गाल्टन यांच्या प्रयोगशाळेत नोंदीची एक प्रत सहभागीच्या हाती आणि दुसरी संशोधकाकडे असे. आजच्या प्रयोगात बराच काळ एकच प्रत असते आणि ती संशोधकाकडे नसते. साधने बदलली तरी ही जाणीव प्रयोगाच्या आराखड्यातच असावी लागते. फाईल हरवल्यानंतर ती झाली, तर फार उशीर झालेला असतो.