कुलुपातली प्रयोगपेटी

वज्रेश्वरी देवीनं मारलेल्या दैत्यांचं रक्त अजून कढत आहे, म्हणून कुंडांचं पाणी गरम, असं आमची आजी सांगायची. गणेशपुरीतल्या सगळ्याच आज्या तसं सांगायच्या.

माझे मोठे काका जवळच्या पाड्यावर जिल्हा परिषदेचे गुरुजी होते. वर्गातल्या एका वारली पोरीनं त्यांना विचारलं, "गुरुजी, पाणी तापवतो कोण?" काकांना सांगता येईना. त्यांनी बीजगणित-भूमिती सोडून जुनी अकरावी केलेली. तेव्हा तशी मुभा होती. कोठारी आयोगानं १९६६ साली दहावीपर्यंत गणित-विज्ञान सर्वांना सक्तीचं करा म्हटलं, आपल्याकडे दहावीची पहिली परीक्षा १९७५ला झाली. मुलांना विषय सक्तीचा झाला. तो न शिकलेल्या गुरुजींचं काय, हा प्रश्न मला आजही सर्वांत मोठा वाटतो.

पुढे १९८६च्या राष्ट्रीय धोरणातून खडू-फळा योजना आली. शाळेला किमान दोन खोल्या, दोन शिक्षक आणि साहित्य. काकांच्या शाळेत पेटी आली: लोहचुंबक, भिंग, तापमापी. ती डेडस्टॉक रजिस्टरात चढली आणि कपाटात गेली. फुटलं तर पगारातून कापतील, ही धास्ती. पेटी वापरली का, असं तपासणीत कुणी विचारत नसे. वस्तू मोजून भरल्या की झालं.

एका हिवाळ्यात काकांनी कुलूप काढलं. पोरांना घेऊन आधी तानसा नदीत तापमापी बुडवली, मग कुंडात. पारा सरसर चढला तशी पोरं ओरडली. पावसाचं पाणी खडकाच्या भेगांतून खोल मुरतं, तिथं तापतं, भेगांतूनच वर येतं, हे काका हायस्कूलच्या सरांकडून आदल्या दिवशी शिकून आले होते. तापमापी पुढे फुटली. तिचे पैसे काकांनीच भरले.

त्याच्या कितीतरी आधी, सत्तरच्या दशकात, होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राचे वि. गो. कुलकर्णी आणि त्यांचे सहकारी जळगाव जिल्ह्यातल्या खिरोद्याला जाऊन शिक्षकांसोबत काम करत होते. पुस्तकाची भाषा सोपी केली की मुलांना विज्ञान अधिक कळतं, असं त्या केंद्राला पुढे अभ्यासातून दिसलं. हे मी काकांना निवृत्तीनंतर वाचून दाखवलं. ते म्हणाले, "गुरुजींजवळ बसणारं कुणी आमच्या पाड्यावर आलं असतं, तर पेटी पहिल्याच वर्षी उघडली असती."