गाठ, किरण आणि शिवण

विषय जरा संकोचाचा आहे. स्तनाचा कर्करोग म्हटलं की बायका पदर ओढून घेतात आणि पुरुष उठून अंगणात जातात. पण गाठ काही लाजेखातर थांबत नाही. बहुधा ती दुखतही नाही, म्हणून महिनेच्या महिने चोळीआड राहते. तेव्हा संकोच घटकाभर बाजूला ठेवू आणि या रोगावरच्या इलाजांचा इतिहास पाहू.

अमेरिकेत बाल्टिमोर येथे हॉलस्टेड नावाचे मोठे शस्त्रवैद्य होऊन गेले. 1894 साली त्यांनी आपल्या शस्त्रक्रियेची हकिगत प्रसिद्ध केली. शेतकऱ्याच्या भाषेत सांगायचं, तर त्यांच्या मते कर्करोग म्हणजे हरळी. एका जागी रुजते आणि मुळ्या पसरत पुढे जाते. मग मुळासकट खणून काढायला नको का? म्हणून ते स्तन, वरची कातडी, खालचे छातीचे स्नायू आणि काखेतल्या गाठी असं सारं एकदमच काढीत. रोग त्याच जागी पुन्हा उलटणं त्यामुळे खूप कमी झालं, हे खरं. पण छाती फासळ्यांपर्यंत खोल जाई, आणि हात सुजून जड होई. हीच रीत पाऊणशे वर्षं चालली.

दरम्यान 1895 च्या नोव्हेंबरात जर्मनीत राँटगेन यांना क्ष-किरण सापडले, आणि 1898 साली क्यूरी दांपत्याला रेडियम. लंडनला जेफ्री केन्स (अर्थशास्त्रज्ञ केन्स यांचे हे धाकटे बंधू) 1920 नंतर स्तनातच रेडियमच्या सुया ठेवून रोग जाळू लागले. लोकांनी फारसं मनावर घेतलं नाही. एडिंबरोला मॅकव्हर्टर यांनी फक्त स्तन काढून बाकीचं काम किरणांवर सोपवलं आणि 1948 साली ते लिहून प्रसिद्ध केलं. आपल्याकडे परळचं टाटा रुग्णालय 1941 मध्ये उघडलं होतं. किरणोपचाराला आपली माणसं ‘शेक’ म्हणतात, तो हाच.

पुढे फिशर यांनी 1971 पासून शेकडो बायकांवर रीतसर तुलना करून दाखवली. मोठी कापाकापी केली म्हणून बाई जास्त जगते, असं काही दिसेना. हरळीची उपमाच चुकली होती. हे तर गाजरगवताचं बी! काही वेळा ते आधीच वाऱ्यावर गेलेलं असतं.

स्नायू राखायचे ठरलं, तशी छातीवर पुन्हा काही उभारायला जागा मिळाली. ह्यूस्टनला क्रोनिन आणि जेरो यांनी 1962 मध्ये सिलिकोनची पिशवी प्रथम बसवली होती, ती निराळ्या कामासाठी, स्तन मोठे दिसावेत म्हणून. 1971 मध्ये कर्करोगाने स्तन गमावलेल्या बायकांसाठी ती वापरल्याची हकिगत छापून आली. मग राडोवान यांनी फुग्याची युक्ती काढली. कातडीखाली रिकामा फुगा ठेवायचा, सुईने थोडं थोडं मिठाचं पाणी भरत जायचं. गरोदरपणी पोटाची कातडी ताणते, तशी छातीची ताणते. मग फुगा काढून पिशवी.

इथवर सगळं छान. पण 1997 मध्ये डेन्मार्कमधल्या 1708 बायकांचा अहवाल आला. सगळ्यांचा स्तन काढलेला, रोग पुन्हा उलटण्याचा धोका मोठा, औषधं सर्वांना दिलेली; किरण मात्र निम्म्यांनाच. दहा वर्षांनी किरण घेतलेल्यांपैकी शंभरात 54 हयात होत्या, न घेतलेल्यांपैकी 45. शंभरात नऊ जीव! काखेतल्या गाठींत रोग शिरलेल्या बाईला आता शेक टाळा असं कोण म्हणेल?

आणि इथेच पेच पडला. पायात बाभळीचा काटा मोडून राहिला, तर शरीर त्याभोवती कोष विणतं. पिशवीभोवतीही तसाच कोष होतो. एरवी तो पातळ, मऊ असतो. किरणांनी तो कडक होऊन आवळत जातो. स्तन दगडासारखा होतो, वर सरकतो, दुखतो. कातडीचा रक्तपुरवठा घटतो, जखम लवकर भरत नाही. कधी पिशवी काढावी लागते. सगळ्यांचंच असं होतं असं नाही, पण शेक न घेतलेल्यांपेक्षा ही भीती बरीच जास्त. फुगा असताना किरण द्यावेत की पिशवी बसवल्यावर, यावर डॉक्टरांत एकमत नाही.

स्वतःचं मांस किरण सोसलेल्या जागी अधिक चांगलं टिकतं. 1982 पासून पोटाची कातडी आणि चरबी तिच्या रक्तवाहिन्यांसकट छातीवर आणण्याची रीत रूढ झाली. बहुधा शेक संपल्यावर काही महिने थांबून ते करतात. या विद्येची एक शाखा, गुरुजींनी मुलांना अवश्य सांगावी, पुण्याची आहे. इंग्रज फौजेतला बैल हाकणारा कावसजी टिपूच्या कैदेत सापडला आणि नाक गमावून बसला. विटा पाडणाऱ्या जातीतल्या एका माणसाने कपाळाची कातडी खाली वळवून त्याला नवं नाक करून दिलं. ती हकिगत 1794 साली लंडनच्या मासिकात छापली गेली, आणि तिकडचे शस्त्रवैद्य ती वाचून शिकले.

म्हणून घरात असा प्रसंग आला, तर शस्त्रक्रियेच्या आधीच विचारा: शेक लागेल का? लागणार असेल, तर नवा स्तन आत्ता करायचा की मागाहून? पिशवीचा की स्वतःच्या मांसाचा? रोग काढणारे, शेक देणारे आणि शिवण घालणारे, तिघांनी मिळून उत्तर द्यायला हवं. आणि बाईने काहीच करायचं नाही असं ठरवलं, तर तेही चालतं. कितीतरी जणी चोळीत कापसाची घडी ठेवून शेतावर जातात.