उशीर कुणाचा?

मागच्या पावसाळ्यात भाचीनं मला एक खेळ दाखवला. ती नेरूळला राहते, मी जुईनगरला. एका स्टेशनाचं अंतर. कॉलेजच्या प्रकल्पासाठी तिनं तो मोबाइलवर तयार केला होता. कानात केहरव्याचा ठेका वाजतो, पडद्यावर इवलीशी ढोलकी दिसते, आणि प्रत्येक ठोक्याला तिच्यावर बोट टेकवायचं. बोट वेळेवर पडलं तर ‘वाहवा’, नाहीतर ‘उशीर’.

आयुष्य मात्रा मोजण्यात गेलेलं. मनात म्हटलं, हे तर आपलंच अंगण! भाचीनं तिचे बिनवायरचे इअरफोन माझ्या कानात घातले. चाळीस ठोके झाले आणि चाळीसही वेळा ‘उशीर’ आला.

‘‘मामू, तुमचं बोट मागं पडतंय,’’ ती हसत म्हणाली.

मला हसू आलं नाही. माझ्या वडिलांना कंपवात होता. आमच्या घरात त्याची पहिली चाहूल अशीच लागली होती: सदऱ्याची बटणं लावायला त्यांना वेळ लागू लागला होता. त्या रात्री मी अंधारात बसून तर्जनी अंगठ्यावर आपटत राहिलो. डॉक्टर हीच चाचणी घेतात, हे मला ठाऊक होतं.

श्रोतेहो, बोट उशिरा पडल्याची शिक्षा झालेला एक माणूस इतिहासात होऊन गेला आहे. त्याचं नाव डेव्हिड किनेब्रुक. इंग्लंडात ग्रिनिचच्या वेधशाळेत तो मास्कलिन या राजखगोलज्ञाचा मदतनीस होता. तारा दुर्बिणीतल्या तारेला ओलांडतो तो क्षण नोंदवायचा, हे त्याचं काम. डोळा ताऱ्यावर ठेवायचा, कान घड्याळाच्या टिकटिकीला लावायचा आणि सेकंदाचा दहावा हिस्सा अंदाजानं लिहायचा. अशा नोंदींवर जहाजांचा भरवसा असे. आपल्या कुलाब्याला १८२६ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीनं वेधशाळा बांधली, तीही आकाशाचे वेध आणि वेळ यांसाठीच. तर किनेब्रुकच्या नोंदी साहेबांपेक्षा अर्ध्या सेकंदानं मागं पडू लागल्या. त्याला समज देण्यात आली. फरक वाढून आठ दशांश सेकंदांवर गेला आणि १७९६ मध्ये त्याची नोकरी गेली.

साहेबांचंच बोट पुढं पडत असेल, हा प्रश्न कुणी विचारला नाही. साहेब म्हणजे घड्याळच!

तो प्रश्न पुढं जर्मन खगोलज्ञ बेसेल यानं विचारला. ग्रिनिचची हकिकत वाचून १८२० च्या सुमारास त्यानं स्वतःची तुलना दुसऱ्या एका निरीक्षकाशी केली. दोघंही निष्णात, तरी फरक निघाला सेकंदाहून अधिक. प्रत्येक माणसाचा फरक वेगळा असतो, हे त्यातून उघड झालं. मग तो फरक मोजायचा आणि हिशोबातून वजा करायचा, अशी रीत पडली.

पुढं तारेचं यंत्र आलं. आपल्या देशात ओशॉघ्नेसी यानं १८३९ मध्ये कलकत्त्यात प्रयोग केले, तेव्हा संदेश वाचायचे ते बोटाला बसणाऱ्या विजेच्या हलक्या धक्क्यांवरून. तारेचा तो व्यवहार २०१३ च्या जुलैत बंद झाला. तारेची तीच कळ खगोलज्ञांनीही उचलली: तारा दिसला की लिहीत बसायचं नाही, नुसतं बोट दाबायचं. आता माणसाच्या उशिराबरोबर यंत्राचाही उशीर हिशोबात धरावा लागला.

माझ्या भाचीनं नेमकं हेच केलं. खेळाच्या चाचणीला आलेल्या तिच्या मैत्रिणीही थोड्या ‘उशिरा’च ठरत होत्या, चार डाव खेळून त्या आपोआप आधी बोट टेकवायला शिकल्या, एवढंच. तिनं स्वतः खेळ तपासला होता तो लॅपटॉपवर, माउसनं. तिथं सगळं ठीक होतं. म्हणून तिनं दुसऱ्या मोबाइलच्या स्लो मोशन कॅमेऱ्यानं माझं बोट आणि पडदा एकत्र टिपला. सेकंदाला २४० चित्रं. बोट टेकल्यापासून ढोलकी हलेपर्यंत चित्रं मोजत गेली, ती शंभराच्या वर गेली. म्हणजे जवळजवळ अर्धा सेकंद!

यातल्या मोठ्या हिश्शाचं मूळ २००७ मध्ये आहे. आयफोन आला तेव्हा संकेतस्थळं मोठ्या संगणकासाठी बनवलेली होती. पान मोठं करून पाहायला दोनदा झटपट टिचकी मारायची सोय केली गेली. त्यामुळे एक टिचकी पडली की दुसरी येते का, याची वाट पाहत ब्राउझर सुमारे ३०० मिलिसेकंद गप्प बसे. इतर मोबाइलांतही तेच आलं. पान मोबाइलच्या रुंदीचं आहे असं त्यात लिहिलेलं असेल, तर हे थांबणं क्रोमनं २०१४ मध्ये आणि आयफोननं २०१६ मध्ये काढून टाकलं. भाचीकडून तेवढी एक ओळ राहून गेली होती. ढोलकी इवलीशी दिसत होती तीही त्यामुळेच!

दुसरी चूक मला अधिक लागली. तिच्या खेळात बोट टेकल्याची नोंदच नव्हती. नोंद होई ती बोट उचलल्याची. मुलं टिचकी मारून बोट काढतात. मी पडलो टाइपरायटरवर शिकलेला. कळ दाबायची ती नीट दाबायची. माझं बोट वेळेवर पडत होतं, रेंगाळत होतं तेवढंच. शिवाय त्या बिनवायरच्या इअरफोनमध्ये आवाजच उशिरा पोचतो. जो ठेका मला उशिरा ऐकू येत होता, त्यावर मी बोट टाकत होतो.

भाचीनं ती ओळ घातली, नोंद बोट टेकण्याच्या क्षणावर आणली, माझ्या कानातले इअरफोन काढले. मग बेसेलची रीत आली, अर्थात त्याचं नाव तिनं ऐकलेलं नव्हतं. पुन्हा चित्रं मोजून मोबाइलचा उरलेला उशीर तिनं काढला आणि तो वजा केला. मग मला वीस ठोके वाजवायला लावले. उरला तो फक्त माझा आकडा.

‘‘मामू, तुम्ही तीस मिलिसेकंद पुढं आहात.’’

ठेक्यावर बोट टेकवताना बहुतेक माणसं अशी किंचित आधीच पडतात, हे मानसशास्त्रज्ञांना फार पूर्वीपासून ठाऊक आहे. मला ते त्या दिवशी कळलं. तरी पुढल्या आठवड्यात मी डॉक्टरांकडे जाऊन आलो. त्यांनी तर्जनी अंगठ्यावर आपटायला सांगितली, दोन्ही हातांची. मी आपटत होतो आणि मनात केहरवा चालू होता.